बंदर, गिरणी आणि मुंबईचा वारसा

व्यापारानें उदयास आलेल्या नगरांचे इतिहास बहुधा त्यांच्या मालकांचे इतिहास असतात. बंदर कोणीं बांधलें, पहिली गिरणी कोणीं काढली, कोणत्या गव्हर्नरच्या कारकीर्दींत कोणता रस्ता झाला, कोणत्या शेटजींनीं कोणत्या इस्पितळास देणगी दिली, याची नोंद दगडावर कोरलेली असते. आणि तीच वाचून इतिहासकार आपला ग्रंथ सजवितो. हा इतिहास खोटा नसतो, पण तो अर्धा असतो. धक्क्यास लागलेल्या जहाजांतील माल कोणीतरी पाठीवर वाहून आणलेला असतो, आणि गिरणींत चाती फिरत असतां तुटलेलें सूत कोणाच्या तरी बोटांनीं सांधलेलें असतें. त्या पाठीच्या आणि त्या बोटांच्या जिण्यांतूनहि एक संस्कृति निर्माण होते. परंतु तिच्या नांवाची कोनशिला बसविण्याची चाल आपल्याकडे नाहीं. मुंबईच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. कारण, या शहरानें मराठी जीवनास जें दिलें त्याचा फार मोठा भाग कोटांतल्या पेढ्यांतून आला नसून परळ-लालबागच्या चाळींतून आला आहे, असें आमचें मत आहे. तें वाचकांपुढें सप्रमाण मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

मुंबईचें मूळ समुद्रांत आहे. पुण्यास पेशव्यांची गादी होती, पैठणास विद्या होती, पंढरपुरास विठोबा होता. मुंबईस मुंबादेवी आणि वाळकेश्वर होते, कोळ्यांचीं गांवठाणें होतीं, नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. परंतु राज्य करूं इच्छिणाऱ्यांस तिचा लोभ सुटला तो या कशामुळें नव्हे, तर तिच्या पूर्व किनाऱ्यावरील खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित अशा पाण्यामुळें. १५३४ सालीं गुजराथच्या सुलतानाकडून हीं बेटें पोर्तुगीजांकडे गेलीं. १६६१ च्या विवाह-करारानें तीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस यास आंदण मिळालीं. आणि १६६८ सालीं त्यानें तीं ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या खंडानें देऊन टाकलीं. जगाच्या इतिहासांत एवढा स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल.

पुढील शंभर-दीडशें वर्षांत हें बेट हळूहळू बंदर बनलें. १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा कसबी सुतार येथें आला आणि त्याच्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या मलबारी सागवानाचीं जहाजें बांधलीं. हें काम इतक्या प्रतीचें होतें कीं, खुद्द इंग्लंडच्या आरमारानें येथून लढाऊ जहाजें बांधवून घेतलीं. १८१७ सालीं मुंबईस बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. १८१३ सालीं बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर तर १८४२ चा नानकिंगचा तह झाला आणि चीनच्या मानखंडनेवर सही पडली. या योगायोगांत एक अर्थ आहे. चीनशीं चालणारा व्यापार हाच त्या काळच्या मुंबईच्या संपत्तीचा झरा होता, आणि त्या व्यापारांत कापसाच्या जोडीला अफू होती. या शहरांतील इस्पितळें, शाळा, धर्मशाळा यांच्या मागें जीं मोठीं दानें आहेत, त्यांतील कित्येकांच्या मुळाशीं अफूचा पैसा आहे. दात्यांचें औदार्य त्यामुळें लटकें ठरत नाहीं. पण दानाचा शिलालेख वाचतांना धनाचा उगमहि ठाऊक असावा.

मग आला १८६१ ते १८६५ चा तो विलक्षण काळ. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक या भरतीच्या ऐन मध्यावर, १८६३ सालीं, प्रसिद्ध झालें. या शहराविषयींचा मराठींतील तो पहिला मोठा ग्रंथ होय. पैशाचा पूर एवढा लोटला कीं, तो ठेवावा कोठें हें लोकांस कळेना. समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या समभागांवर सट्टा चालला. ज्यांनीं आयुष्यांत कापसाची गासडी पाहिली नव्हती असे कारकून आणि वकीलहि त्यांत उतरले. अमेरिकेंतील युद्ध संपल्याची वार्ता आली आणि १ जुलै १८६५ रोजीं, वायद्यांची मुदत भरतांच, हा डोलारा कोसळला. १८६४ च्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्यें ती ६,४४,४०५ भरली. या दोन आंकड्यांमध्यें किती बिऱ्हाडें उठलीं याची कल्पना वाचकांनींच करावी. सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद हाहि बुडाला. पण तत्पूर्वीं त्यानें विद्यापीठास दिलेल्या देणगींतून त्याच्या आईच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला. कापसाचा पैसा गेला, पण त्याचे दगड राहिले.

येथपर्यंत मुंबई हें केवळ देवघेवीचें ठाणें होतें. तिला कारखान्यांचें शहर केलें तें गिरण्यांनीं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी स्थापून ताडदेव येथें सूतगिरणी उभारली आणि १८५६ च्या फेब्रुवारींत तिचें काम सुरू झालें. आतां येथें असा प्रश्न उत्पन्न होतो कीं, कापूस पिके वऱ्हाड-खानदेशांत आणि गुजराथेंत. मग गिरण्या मुंबईच्या चिंचोळ्या बेटावर कां निघाल्या? उत्तर पुन्हां बंदरांतच आहे. भांडवल होतें तें समुद्री व्यापारांत मुरलेल्या पारशी, भाटिये आणि बगदादी यहुदी व्यापाऱ्यांपाशीं. यंत्रें येत तीं लँकेशायरहून आणि आरंभीं कोळसाहि येई तो विलायतेहून, दोन्ही जहाजांनीं. आणि पहिल्या पिढीच्या गिरण्यांनीं काढलेल्या सुताचें मोठें गिऱ्हाईक होतें तें चीन देशांत. कच्चा माल मात्र १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिल्यानें धांवलेल्या आगगाडीच्या वाढत्या फांट्यांनीं घाटावरून उतरूं लागला. म्हणजे गिरणी ही बंदराचीच लेक होय. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, १८७३ मध्यें पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्यें ससून गोदी आणि १८८० मध्यें प्रिन्सेस गोदी तयार झाली. आणि त्याच वेगानें भायखळ्यापासून परळापर्यंत धुराडीं उभीं राहिलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं गिरण्यांची संख्या ऐंशींच्या आसपास पोंचली होती. मँचेस्टरच्या समाधानासाठीं सरकारनें १८९६ पासून येथल्या कापडावर शेंकडा साडेतीन टक्के जकात बसविली आणि ती १९२५ पर्यंत उठली नाहीं. तरीहि गिरण्या वाढल्या.

या गिरण्यांत आणि गोद्यांत काम करण्यास माणसें कोठून आलीं? १९२१ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईंत राहणाऱ्या शंभर माणसांपैकीं ऐंशींहून अधिक माणसें मुंबईबाहेर जन्मलेलीं होतीं. त्यांतील मोठा वांटा रत्नागिरी जिल्ह्याचा; त्याखालोखाल सातारा, कोल्हापूर, पुणें इकडील घाटावरच्या लोकांचा. कोंकणांतील मनुष्य गलबतानें, पुढें आगबोटीनें येई आणि बंदरावर उतरे. घाटावरचा मनुष्य आगगाडीनें येई. एकाला गांवीं चाकरमानी म्हणत, दुसऱ्याला शहरांत घाटी म्हणत. दोघेहि जमीन पुरत नाहीं म्हणून आलेले, आणि दोघांचाहि जीव जमिनींत अडकलेला. पेरणीस व शिमग्या-गणपतीस गांवाकडे धांव घ्यावयाची, म्हातारपणीं गांवींच देह ठेवावयाचा, आणि मधलीं तीस-पस्तीस वर्षें दरमहा मनिऑर्डर पाठवावयाची, हा त्यांच्या आयुष्याचा सांचा होता. त्यांस कामावर घेई तो जॉबर. तो बहुधा गांवचा किंवा नात्यांतला असे, आणि नोकरी, कर्ज व खोली या तिन्हींच्या किल्ल्या त्याच्याच हातीं असत. ज्यांस कायमची जागा मिळत नसे ते बदली म्हणून रोज पहांटे गिरणीच्या दाराशीं उभे राहत. स्त्रियांचें प्रमाण एका काळीं सुमारें पंचमांश होतें. रिळावर सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या मुख्यतः असत.

गिरणीनें जातिभेद नष्ट केला, असें एक गोड विधान कधीं कधीं ऐकूं येतें. तें खरें नाहीं. विणकाम खात्यांत पगार अधिक. पण तेथें धोट्यांत नवी कांडी घालतांना सुताचें टोंक तोंडानें ओढून घ्यावें लागे. या कारणानें स्पृश्य मानलेल्या कामगारांनीं अस्पृश्य मानलेल्यांस त्या खात्यांत येऊं दिलें नाहीं. त्यांच्या वांट्यास कमी पगाराचीं खातीं आलीं. १९२८ च्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढें ठेवला. ते स्वतः परळच्या चाळींत अनेक वर्षें राहिले होते, आणि १९२४ सालीं त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तीहि परळच्या दामोदर हॉलमध्यें. यंत्र हें जातीला आपोआप मारीत नाहीं. पण यंत्राभोंवतीं जमलेल्या गर्दींत जातीविरुद्ध उभें राहण्याचें बळ मिळूं शकतें, एवढें मात्र मुंबईनें सिद्ध केलें.

आतां या माणसांनीं निर्माण केलेल्या संस्कृतीकडे वळूं. संस्कृति म्हटलें कीं, आपल्या डोळ्यांपुढें ग्रंथ, नाटकें, वाद्यवृंद उभे राहतात. परंतु संस्कृतीची पहिली पायरी म्हणजे एकत्र राहण्याची रीति शोधून काढणें. दहा बाय बारा हातांच्या खोलींत वीस-वीस पुरुष राहत. दिवसपाळीवाला उठून गेला कीं त्याच्या वळकटीच्या जागीं रातपाळीवाला आडवा होई. अशा स्थितींत माणसें पशुवत् व्हावयाचीं. तीं झालीं नाहींत, याचें श्रेय त्यांनींच उभारलेल्या लहान लहान संस्थांस आहे. पहिली, गांवकीची खोली. एका गांवच्या लोकांनीं मिळून भाड्यानें घेतलेली ही खोली नव्या माणसाचा आसरा, आजाऱ्याची शुश्रूषा, गांवच्या देवळाची वर्गणी आणि तंट्याचा निवाडा या सर्वांचें ठिकाण होती. धोबीतलाव-माजगांवकडील गोमंतकीय खलाशांच्या ‘कूड’ ह्याहि याच जातीच्या संस्था. जहाजावर चाकरी करणारा ख्रिस्ती गोंयकार दोन सफरींच्या मध्यें आपल्या गांवच्या कुडींत उतरे, तेथल्या लहानशा वेदीपुढें संध्याकाळीं प्रार्थनेस बसे, आणि आपली पेटी तेथेंच ठेवून पुन्हां समुद्रावर जाई. कोंकणी ‘तियात्र’ हा नाट्यप्रकार गोव्यांत जन्मला नाहीं. त्याचा पहिला प्रयोग १८९२ च्या एप्रिलांत मुंबईस झाला. परमुलखांत एकवटलेल्या माणसांसच आपल्या भाषेची भूक अशी लागते.

दुसरी संस्था खाणावळ. गिरणींतील एकट्या पुरुषांस दोन वेळचें जेवण घालणाऱ्या बाया बहुतेक विधवा, टाकलेल्या, किंवा नवऱ्याचा पगार पुरत नाहीं म्हणून चूल वाढविलेल्या अशा असत. महिन्याच्या बोलीवर त्या जेवूं घालीत, आणि संपाच्या काळांत महिनेच्या महिने उधारीवर. मुंबईंतील कोणताहि मोठा संप पुढाऱ्यांच्या भाषणांवर जितका टिकला तितकाच खाणावळवालीच्या पिठाच्या डब्यावर टिकला. पण संपाच्या इतिहासांत तिचें नांव शोधून सांपडत नाहीं. पुढें १९७५ मध्यें प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपानें या बायांस संघटित केलें, तेव्हां कोठें शहराला त्यांची गणना करावीशी वाटली.

तिसरी गोष्ट करमणुकीची. कोंकणी खोलींत भजनी मंडळ व दशावतार, घाटावरच्या खोलींत लावणी व तमाशा, दोहोंकडे तालीम आणि कुस्ती, असे दोन प्रवाह येथें समोरासमोर आले. कोंकणचा आणि देशावरचा मनुष्य शेंकडों वर्षें सह्याद्रीच्या दोन अंगांस राहत होता. पण एकमेकांचीं गाणीं त्यांनीं नित्य ऐकलीं तीं लालबागच्या एकाच चाळीच्या दोन मजल्यांवर. महाराष्ट्र एक आहे ही गोष्ट पंडितांनीं भाषणांतून सांगितली, परंतु गिरणगांवानें ती आधीं जगून पाहिली होती. १९५५ ते १९६० या काळांत संयुक्त महाराष्ट्रासाठीं जें आंदोलन झालें, त्यांत गिरणगांव सर्वांत पुढें कां होतें, याचें उत्तर येथें आहे.

या वस्तीची राजकीय बुद्धिहि तिची स्वतःची होती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं ‘दीनबंधु’ पत्र चालविलें, १८८४ मध्यें गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या प्रयत्नांस यश येऊन १८९० च्या १० जूनपासून रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. आज ज्या रविवारीं सुशिक्षित कुटुंबें नाटकास जातात किंवा मासिक चाळीत पडतात, त्या रविवारामागें परळच्या मैदानांतील कामगारांची सभा आहे. १९०८ च्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां याच कामगारांनीं सहा दिवस गिरण्या बंद ठेविल्या. हिशेब साधा होता, वर्षाला एक दिवस.

बंदर संपत्ति आणतें तसें संकटहि आणतें, आणि संकटाची वांटणी संपत्तीप्रमाणें होत नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत गोद्यांशेजारच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचे पहिले रोगी डॉ. व्हिएगस यांनीं ओळखले. ज्यांच्या बाहेरगांवीं बंगल्या होत्या ते निघून गेले. चाळी मात्र ओस पडल्या त्या पळून गेलेल्यांमुळें आणि मेलेल्यांमुळें. रोग्यांची सेवा करतां करतां लोखंडे स्वतः १८९७ मध्यें प्लेगानें गेले. या साथींतून १८९८ मध्यें सुधार-मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, निघाला. त्यानें रुंद रस्ते पाडले आणि दादर-माटुंगा येथें मोकळ्या हवेच्या वसाहती आंखल्या. मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाचें सारें जिव्हाळ्याचें विश्व त्या वसाहतींत वाढलें. त्या हवेची किंमत मांडवी-नागपाड्याच्या रहिवाशांनीं आधींच चुकती केली होती.

दुसरें संकट १९४४ च्या १४ एप्रिलचें. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारें चौदाशें टन दारूगोळा, कापसाच्या हजारों गासड्या आणि सोन्याच्या विटा हीं एकत्र भरलेलीं होतीं. कापसास आग लागली आणि दुपारीं चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला; थोड्या वेळानें दुसरा. आग विझविणाऱ्या दलाचे ६६ जवान त्यांत गेले. एकूण मृतांचा आंकडा आठशेंपासून तेराशेंपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. पुढें कित्येक वर्षें गोदींतला गाळ उपसतांना सोन्याच्या विटा सांपडत राहिल्या व त्या सरकारजमा होत गेल्या. सोन्याचा हिशेब बहुतेक जुळला. गोदी कामगारांचा आजतागायत जुळलेला नाहीं.

या साऱ्या जिण्याचा उद्गार मराठी वाङ्मयांत उमटल्यावांचून कसा राहील? मामा वरेरकरांनीं ‘धांवता धोटा’ ही कादंबरी लिहून गिरणगांवास मध्यमवर्गीय वाचकाच्या घरांत आणलें. परंतु तो बाहेरून पाहणाऱ्याचा सहानुभव होता. वाटेगांवाहून पोटासाठीं मुंबईस आलेले अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनीं १९४४ मध्यें लाल बावटा कलापथक काढलें, तेव्हां गिरणगांव स्वतःच्या आवाजांत बोलूं लागलें. अण्णाभाऊंनीं तमाशाचा जुना सांचा घेतला, त्यांतील गण-गौळणीच्या जागीं कामगाराचें दुःख आणि बुद्धि बसविली, आणि लोकनाट्य उभें केलें. मग आले नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणी कामगारानें हें टाकलेलें पोर उचलून आणलें व वाढविलें; तें पोर गिरणींत राबलें, शाळेंत शिपाई झालें, मग शिक्षक झालें; आणि त्याचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे संग्रह निघाल्यावर मराठी कवितेस आपल्या जुन्या अंगणांत राहणें अशक्य झालें. १९९५ मध्यें परभणीच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. ज्या शहरांत असा मनुष्य कवि होऊं शकतो, त्या शहराची संस्कृति कोठें शोधावी हें वेगळें सांगावयास नको.

या संस्कृतीचा पाया म्हणजे गिरणीचा भोंगा. आणि तो थांबला. १९८२ च्या १८ जानेवारीस दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. तो विरत गेला. संपामुळेंच गिरण्या बुडाल्या, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जुनाट यंत्रें, यंत्रमागांवर निघणारें स्वस्त कापड, आणि सर्वांहून अधिक म्हणजे गिरणीपेक्षां गिरणीखालची जमीन मौल्यवान ठरणें, हीं कारणें संपापूर्वींपासून काम करीत होतीं. १९९१ च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरबांधणीस आणि एक मालकास, अशी वांटणी ठरली. २००१ मध्यें नियमाचा अर्थ बदलला : वांटणी फक्त रिकाम्या जमिनीची, इमारतींखालच्या जमिनीची नव्हे. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा बदल मान्य केला, आणि सुमारें सहाशें एकरांतून शहराच्या वांट्यास यावयाचा मोठा भाग हातचा गेला. गोद्यांचीहि तीच गत. १९८९ मध्यें खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालें आणि पेट्याबंद मालाची वाहतूक तिकडे वळली. जयंत पवारांचें ‘अधांतर’ (१९९७) हें नाटक पाहिलेल्यांस या काळांत एका एका घराचें काय झालें हें सांगण्याची गरज नाहीं.

बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकास २००४ मध्यें आणि ओव्हल मैदानाभोंवतालच्या इमारतींस २०१८ मध्यें जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ती योग्यच आहे. त्या इमारती सुंदर आहेत. पण त्यांच्या भिंती ज्या कापसाच्या पैशानें उठल्या, त्या पैशाच्या उत्तरार्धाचा, म्हणजे गिरणीचा आणि चाळीचा वारसा याच वर्षांत कुदळीखालीं गेला. १९२० नंतर विकास खात्यानें वरळी, नायगांव आणि डिलाईल रोड येथें बांधलेल्या बी. डी. डी. चाळी पाडून तेथें उंच इमारती उभारण्याचें काम चालू आहे. आमचा त्यास विरोध नाहीं. एकशें साठ चौरस फुटांत चार पिढ्या काढलेल्या कुटुंबास, ‘तुझें दारिद्र्य आम्हांस चित्रासारखें दिसतें, सबब तें जपून ठेव’ असें सांगण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. चाळ पडावी, प्रश्न एवढाच आहे कीं, चाळीबरोबर तिची आठवणहि पडूं द्यावयाची काय?

दगडाचा वारसा दुर्लक्षिला तरी कांहीं काळ उभा राहतो. माणसांचा वारसा माणसांबरोबर जातो. ज्यानें तो संप ऐन पंचविशींत पाहिला तो कामगार आज सत्तरीस टेकला आहे. त्याच्यापाशीं भजनाची वही आहे, गांवमंडळाचें जमाखर्चाचें पुस्तक आहे, संपाचीं पत्रकें आहेत. त्रासन, बाबीन, सांचा, बदली हे शब्द त्याच्या जिभेवर जिवंत आहेत, आणि तीं खातीं कशीं चालत हें त्याला हाताच्या खुणांनीं दाखवितां येतें. नव्या घरांत सामान हलवितांना पहिल्यानें टाकल्या जातात त्या या वह्याच. आमच्या महाविद्यालयांत इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींपैकीं अनेकांचे आजोबा गिरणींत होते. परंतु त्यांस मँचेस्टरच्या सूतगिरण्यांचा इतिहास जितका पाठ असतो तितका आजोबांच्या खात्याचा नसतो, कारण तो परीक्षेस येत नाहीं. प्रत्येक विद्यार्थ्यानें एका उन्हाळ्याच्या सुटींत एका वृद्ध कामगाराचें किंवा एका खाणावळवालीचें कथन उतरून आणावें, प्रत्येक ग्रंथालयानें एक कपाट या वह्यांसाठीं मोकळें ठेवावें, एवढें झालें तरी मुंबईचा अर्धा राहिलेला इतिहास पुरा होऊं लागेल. याला सरकारची परवानगी लागत नाहीं आणि शेटजींची देणगीहि लागत नाहीं. लागते ती थोडी तांतडी. कारण ज्यांच्यापाशीं जाऊन बसावयाचें ते फार दिवस वाट पाहूं शकणार नाहींत.